ओसरीवरचा आकडा

स्टुडिओतला माणूस सायकल ढकलत बांधावरून येताना दिसला की बायजाबाई वाफ्यातून उठून उभी राहायची. पदराला हात पुसायची आणि नवऱ्याच्या तोंडाकडे न पाहता बैलांकडे पाहायची.

"नेऊन राहिले का पुन्हा?"

"दोन दिवसांचं काम हाय म्हन्ते," धोंडबा म्हणायचा.

"अन् मोट कोन ओढन? मी?"

बोरडोहच्या शिवेवर सिनेमाचा स्टुडिओ उभा राहून सहा वर्षं झाली होती. पत्र्याची दोन मोठी गोडाऊनं, एक खोटं देऊळ, आणि समोरून पोलीस ठाणं पण मागून नुसते बांबू असं एक घर. त्याच्या कुंपणाला लागूनच चौदा घरांच्या बाऱ्या, म्हणजे भाजीपाल्याची ओलिताची वावरं, होती. जमीन सरकारची, एकसाली पट्ट्याची, पण बापांच्या वेळेपासून कसत आलेली. धोंडबाची तीन एकर. विहिरीवर मोट, मोटेला पांढरी जोडी, आणि मोटेच्या पाण्यावर फुलकोबी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पहाटे बंडी जुंपून माल नागपूरच्या कॉटन मार्केटात जायचा.

जोडी देखणी होती. उंचीला सारखी, शिंगांना सारखी, गर्दीला न बुजणारी. शूटिंगला तीच लागायची. भाडं दिवसाला पंधरा रुपये. दोन दिवस बैल गेले की तीस रुपये येत, आणि दोन दिवस पाण्यावाचून वांग्याची फुलं गळून चाळीसचा माल जाई. हा हिशेब बायजाबाईला तोंडपाठ होता. धोंडबालाही होता. पण कॉटन मार्केटातला दलाल त्याला 'ए बोरडोह' म्हणून हाक मारायचा, आणि स्टुडिओतला मॅनेजर 'धोंडबाजी, आइये' म्हणून खुर्ची सरकवायचा. दहा रुपयांचा तोटा त्या खुर्चीत बसून गेला होता.

त्या आश्विनातही तो गेला. ऊन असं की नांगराचं रुमणं हाताला चटके देत होतं. हिरोला नांगर धरायला शिकवायचं होतं. हिरो मुंबईचा, गोरा, तळपाय लहान लेकरासारखे. दोन पावलं चालला की ढेकूळ टोचायचं आणि तो आईला हाक मारायचा. शेवटी ठरलं की तोंड हिरोचं घ्यायचं आणि पाय धोंडबाचे.

कपडे देणारा माणूस आला. त्यानं धोंडबाचं धोतर पाहिलं, खांद्यावर उसवलेली बंडी पाहिली आणि नाक मुरडलं.

"ये किसान नहीं लगता," तो म्हणाला. "इसको दूसरा दो."

दुसरं धोतर कोरं होतं. त्यावर शिंप्याकडून मशीननं ठिगळं लावून घेतली होती, चौकोनी, एका मापाची. धोंडबानं ते नेसलं. मग एका पोरीनं त्याच्या पायांवर खोबरेल चोळलं, भेगांत मेण भरलं आणि नखं कापली. चाळीस वर्षांत त्याच्या पायाला कुणी असा हात लावला नव्हता. तो लाजून आभाळाकडे पाहत राहिला. एकच सरी सात वेळा नांगरली. सात वेळा माती लोटून सारखी केली. सातव्या वेळी बैलांच्या तोंडाला फेस आला, तेव्हा छत्रीखालचा माणूस म्हणाला, "बस, पैर अच्छे हैं."

घरी आल्यावर बायजाबाईनं पाय पाहिले.

"अगंबाई! नवरीसारखे करून पाठवले."

"हस, हस. सिनेमात दिसनार हाय."

"कोनाच्या नावानं? अन् इकडं या. वांगं पाहा कसं मान टाकून राहिलं."

दिवाळीच्या आधी चावडीवर दवंडी झाली. स्टुडिओ वाढणार. चौदाही बाऱ्या कुंपणात जाणार. तलाठ्यानं कागद वाचून दाखवला तो इतकाच: ज्याचं पोट मुख्यतः या जमिनीवर आहे त्याला नव्या तलावाखाली तेवढीच जमीन मिळेल; ज्याचं पोट मुख्यतः स्टुडिओवर आहे त्याला स्टुडिओत काम मिळेल, जमीन नाही. स्टुडिओ वाढल्यानं गावाची किती भरभराट होईल हे मोजायला एक साहेब नागपूरहून येईल आणि तोच घरोघर विचारून कोणाचं पोट कशावर ते लिहून नेईल.

बायजाबाईनं त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तीन वेळा बजावलं.

"खरं सांगजा. स्टुडिओचे वर्षाले पावनेदोनशे येते, बाकी सारं बारीचं. एवढंच सांगजा. जास्त नोको, कमी नोको."

"मी काय लहान लेकरू हाय का?"

"लेकरू असतं तं सांगत नव्हती. लेकरू खरं बोलते."

मोजणारा साहेब मधुकरराव नावाचा होता. रामदासपेठेत त्याचं हापिस, अंगात पांढरा बुशकोट, आणि बसला की मांडीवर रुमाल पसरून त्यावर कागद ठेवायची सवय. माणूस वाईट नव्हता. आठ दिवस स्कूटरवर ये-जा करत होता, लोकांचा चहा पीत होता आणि विचारलेलं उत्तर मिळेल तसं लिहीत होता. कोण काय बोलतो ते तो लिहायचा. कोणासमोर बोलतो ते लिहायला त्याच्या कागदावर रकाना नव्हता.

धोंडबाच्या घरी तो आला तो नेमका सोमवारी, सकाळी दहाला. आणि सोमवारी सकाळी नऊला कळमेश्वरकडच्या गावाहून रुपराव आपल्या पोरासाठी धोंडबाच्या पोरीला, गोपिकेला, पाहायला आला होता.

रुपराव भारदस्त गडी. कोशाच्या रेशमाचा फेटा, खिशाला फाउंटन पेन, बोलण्याआधी खाकरण्याची रीत. ओसरीवर सतरंजी घातली होती. कपबशा शेजारच्या लहानूच्या घरून आणल्या होत्या. गोपिका पोहे देऊन, नाव सांगून, पाया पडून आत गेली होती आणि मुलगी पसंत आहे हे रुपरावच्या खाकरण्यावरूनच कळलं होतं. आता घर जोखण्याचा भाग चालला होता.

"आमची अकरा एकर," रुपराव म्हणाला. "चारशे झाडं संत्र्याची. पोरगा कळमेश्वरले कारखान्यात फिटर. पर्मनंट."

"वा," धोंडबा म्हणाला आणि मनात अकरा लिहून घेतले.

"तुमचं कसं?"

तेवढ्यात स्कूटर दारात थांबली. मधुकरराव आला, पाहुणे पाहून 'मी नंतर येतो' म्हणाला. तेव्हाच त्याला जाऊ द्यायचं. पण दारात आलेला साहेब परत गेला तर पाहुण्याला काय वाटेल? धोंडबानं उठून त्याला हाताला धरून सतरंजीवर बसवलं.

"बसा नं साहेब. आपलीच मानसं हायत."

मधुकररावनं रुमाल पसरला. नाव लिहिलं, माणसं लिहिली, बैल लिहिले.

"स्टुडिओकडून उत्पन्न?"

आतल्या दाराच्या फटीतून बायजाबाईचा डोळा दिसत होता. समोर रुपराव बशीतला चहा फुंकायचा थांबला होता.

"मॅनेजर आपल्याले विचारल्याबिगर पान हलवत नाई," धोंडबा म्हणाला. "बैल आपले, मी सोता हिरोले शिकवतो. महिन्याचे..." त्यानं रुपरावच्या फेट्याकडे पाहिलं. "चारशे धरा."

"दर महिन्याला?"

"कधी पाचशेही होते."

आतून पितळी भांडं पडल्याचा आवाज आला. मधुकररावनं चारशे लिहिले.

"आणि बारीचं?"

आता सरकारी माणसानं शेतीचं उत्पन्न विचारल्यावर काय सांगायचं, हे बोरडोहमध्ये आईच्या दुधाबरोबर मिळतं. बापानं तेच सांगितलं, आज्यानं तेच. सारा वाढेल, लेव्ही बसेल, कोतवाल येईल. धोंडबाच्या जिभेला विचार करावाच लागला नाही.

"बारीत काय हाय साहेब? खाण्यापुरता भाजीपाला. दगडं हायत नुसती."

म्हणून झाल्यावर त्याला कळलं. पण रुपराव मान डोलवत होता. चारशेचा आकडा त्याच्या चेहऱ्यावर तुपासारखा पसरला होता आणि त्यावरून मागे कसं यायचं? वाटेत गाठू साहेबाला, धोंडबानं ठरवलं. स्कूटरला लात मारायच्या आधी कानात सांगू.

"अंगठा इथे," मधुकरराव म्हणाला. "आणि साक्षीला कुणी लिहिता येणारं?"

रुपरावनं खिशातलं पेन काढलं, झाकण मागं लावलं आणि कोरीव अक्षरात सही केली. मधुकरराव उठला. धोंडबाही उठला, पण रुपरावनं त्याचा हात धरला.

"बसा गा ईवाई. आता पान खाऊन मोकळे होऊ. वैशाख धरायचा का?"

समोरच्यानं व्याही म्हणून 'ईवाई' म्हटल्यावर हात सोडवता येत नाही. स्कूटरचा आवाज लहानूच्या गोठ्याआड गेला.

पाहुणे गेल्यावर बायजाबाईनं कपबशा धुतल्या, एकेक उलटी ठेवली, लहानूच्या घरी नेऊन दिल्या. आल्यावर म्हणाली, "पोरगी उजवली का बारी इकली?"

"जाऊन सांगतो नं त्याले."

गेला तो दोनदा. रामदासपेठेतल्या त्या हापिसच्या पायरीवर एकदा दीड तास बसला. साहेब दुसऱ्या गावी गेला होता. दुसऱ्यांदा साहेब भेटला. भला माणूस, त्यानं पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं.

"धोंडबाजी, कागद तहसिलीत गेले. आता सुनावणी लागेल. तिथं सांगा, चूक झाली म्हणून. साक्षीदारालाही बोलावतील. तो हो म्हणाला की झालं."

"साक्षीदाराले काहून?"

"त्याची सही आहे ना."

येताना धोंडबा बसमध्ये उभ्यानं आला. बसायला जागा होती.

सुनावणी मार्गशीर्षात लागली. थंडी हाडात शिरली होती. बायजाबाईनं पहाटे त्याला धुतलेलं धोतर दिलं, डोक्याला रुमाल दिला आणि दारापर्यंत आली.

"पोरीचं जमलं तं जमलं, मोडलं तं मोडलं. दुसरं पोट्टं पाहू. बारी दुसरी नाई भेटनार."

"मोडलेल्या पोरीले कोन विचारते वं?"

"मी सांगतो खरं तुमच्या बदल्यात. घेऊन चाला मले."

"बायकांचं काम नाई तथी," धोंडबा म्हणाला. हे खरं नव्हतं. कांताबाई नावाची विधवा त्या यादीत होती आणि ती स्वतःच जाणार होती.

तहसिलीच्या वऱ्हांड्यात बोरडोहचे चौदा जण उन्हाच्या पट्ट्यात ओळीनं बसले होते. पट्टा सरकला की ओळ सरकायची. रुपराव आधीच आलेला. त्यानं धोंडबासाठी बाकावर जागा धरून ठेवली होती.

"या ईवाई. सही केली तं यावंच लागते. घरी म्हनलं, काम भी होईन अन् भेट भी होईन."

लहानूचं नाव आधी पुकारलं. लहानू स्टुडिओत चौकीदार होता. महिन्याचे नव्वद रोख घ्यायचा, त्याची बारी दोन वर्षं पडीक होती. तो सुनावणीच्या साहेबापुढे हात जोडून रडवेला झाला.

"स्टुडिओ एक पैसा देत नाई मायबाप. बोलावते अन् फुकटात राबवते. बारीबिगर लेकरं मरतीन."

त्याच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं. साहेबानं शिक्का मारला. तलावाखाली दोन एकर. कांताबाईनं शपथेवर सांगितलं की सिनेमा म्हणजे काय तेच आपल्याला ठाऊक नाही. तिलाही शिक्का.

मग धोंडबा. साहेब तरुण होता, चष्मा पुसत होता.

"स्टुडिओकडून महिना चारशे. बारी, खाण्यापुरती." त्यानं मान वर केली. "तीन एकर ओलीत, विहीर, मोट, आणि फक्त खाण्यापुरती? मला हे पटत नाही. चूक झाली असेल तर आत्ता सांगा. मी खोडतो आणि साक्षीदाराला विचारून तिथंच सही घेतो. घाबरू नका."

इतकं सोपं करून कुणी विचारलं नसतं. धोंडबानं तोंड उघडलं. मागे रुपराव खाकरला. नुसता घशात थंडी म्हणून खाकरला असेल; पण धोंडबाला पोरीचा चेहरा दिसला, पोह्यांची ताटली धरलेले तिचे हात दिसले, आणि पाच वर्षं पाहुणे येऊन पाहून जातात आणि लग्न जमत नाही त्या गावातल्या सिंधूच्या घराची बंद खिडकी दिसली. आता 'खोटं बोललो' म्हणायचं, तेही ज्याच्यासमोर बोललो त्याच्याच समोर.

"लिवलं ते बरोबर हाय साहेब," तो म्हणाला.

"नीट विचार करा."

"बरोबर हाय."

साहेबानं रुपरावकडे पाहिलं. रुपरावनं मान हलवली. शिक्का उठून दुसऱ्या कागदावर बसला. स्टुडिओत काम, नेमणूक जागा असेल त्याप्रमाणे.

तहसिलीसमोर चहाची टपरी होती. रुपरावनं दोन कट सांगितले आणि वरून भजी. भज्यांचा कागद हातात धरून तो हसायला लागला.

"काय ठसक्यात सांग्तलं तुमी! साहेब बी दबला."

धोंडबानं कपाला ओठ लावला.

"मले तवाच समजलं होतं म्हना," रुपराव म्हणाला.

"काय?"

"चारशेचं. अहो, स्टुडिओ भरून देते तरी किती! मी मनात पन्नास धरले. पाहुन्यासमोर कोन खरं सांगते ईवाई? सांगावंच लागते तसं. नाई सांग्तलं तं समोरच्याले वाटते, याच्यात काहीतरी खोट हाय. मी घरी जाऊन सांग्तलं, मानूस साधा हाय, बारी चांगली हाय, मेहनती हाय. पोरगी घेऊन टाकू."

"बारी..." धोंडबा म्हणाला.

"बारी पाहूनच तं हो म्हनलो मी. पानी पाहिलं, कोबी पाहिली. असं वांगं आमच्याकडं होत नाई." रुपरावनं भजं मोडलं. "अन् तुमी बी आमच्या अकराचे चारच धरले असतीन. तेवढेच हायत. कोरडवाहू. पोट्टं रोजंदारीवर हाय, पन होईन पर्मनंट."

धोंडबानं अकराचे अकराच धरले होते. त्यानं कप खाली ठेवला. चहा अर्धा होता.

"बारी गेली," तो म्हणाला.

"काहून? ते साहेब कामाचं म्हनत होते नं?"

"काम देते. जमीन नाई देत. तेच तं विचारत होता तो."

रुपरावच्या तोंडातला घास थांबला. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. तलाठ्याचा कागद बोरडोहच्या चावडीवर वाचला होता, कळमेश्वरकडे नाही.

"अहो मंग सांगायचं नं मले! मी उठून सांग्तलं असतं, मानूस पाहुन्यासमोर फुगवून बोलला म्हनून. मले काय जात होतं?"

धोंडबा धावत परत गेला. वऱ्हांडा रिकामा. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला होता. साहेबाची जीप गेली होती. कारकून कागदांना दोरी बांधत होता. धोंडबानं सगळं एका दमात सांगितलं, साक्षीदार बाहेर उभा आहे, बोलवू का, म्हणाला.

कारकुनानं दोरीची गाठ दातानं ओढली.

"सकाळी बरोबर, दुपारी चूक. उद्या येऊन सातशे म्हणशील. कशावर विश्वास ठेवायचा?"

"आत्ताच्यावर, साहेब."

"आत्ताचं कुठं लिहिलेलं आहे?"

बारीत पोचला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. बायजाबाई आणि गोपिका उशिराच्या कोबीचं रोप लावत होत्या. टोपल्यात उपटलेल्या रोपांवर ओलं गोणपाट टाकलेलं. बायजाबाई बोटानं भोक पाडायची, गोपिका रोप सोडायची, बायजाबाई मुठीनं माती दाबायची. त्याला पाहून हात थांबला नाही.

"लहानूले भेटली?"

"भेटली. दोन एकर."

"कांताबाईले?"

"तिले भी."

तिनं आणखी दोन भोकं पाडली. तिसऱ्याला थांबली.

"अन् आपन?"

धोंडबानं सांगितलं. साहेबानं खोडतो म्हटलं होतं, हेही सांगितलं. रुपरावला पहिल्यापासून कळलं होतं, हेही सांगितलं. बायजाबाई उकिडवी बसल्या बसल्या ऐकत राहिली. मग तिनं मातीचे हात पुढे धरून पाहिले.

"म्हंजे तो आपली बारी पाहून पोरगी नेऊन राहिला," ती म्हणाली. "अन् तुमी त्याच्यासाठी बारी देऊन टाकली."

धोंडबा टोपल्याजवळ बसला. गोणपाट बाजूला केलं आणि रोप उचलायला हात घातला.

"ठेवा ते," बायजाबाई म्हणाली. "तुमची नोकरी हाय तथी. बसा जा खुर्चीवर."

त्यानं रोप ठेवलं. जवळच गोपिका खाली मान घालून बसली होती. रुपरावच्या चार कोरडवाहू एकरांचं आणि पोराच्या रोजंदारीचं तेवढं त्यानं सांगितलं नव्हतं. ती समोर होती. तिनं ओंजळीतलं रोप सारखं केलं आणि वर न पाहता विचारलं,

"बाबा, तथी, कळमेश्वरकडं, पानी हाय का गा वावराले?"

"हाय."

"विहीर?"

"विहीर हाय. मोठी हाय," धोंडबा म्हणाला. आणि सूर्य बुडायच्या आत चार मोटा होतील म्हणून बैल मोटेला जुंपायला उठला.